लाकडी जहाजांच्या प्रतिकृती : छंदाचे शास्त्र आणि शिस्त

इ. स. १८१२ च्या अखेरीस 'जावा' ही ब्रिटिश युद्धनौका मुंबईकडे येण्यास निघाली होती. मुंबईच्या गोदीत बांधावयाच्या नव्या जहाजाचे आराखडे आणि जहाजांच्या तळाला मढवावयाचे तांबे तिच्यावर होते. २९ डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेशी तिची गाठ पडली. लढाईत 'जावा'चा पराभव झाला, ती जाळून टाकण्यात आली आणि आराखडेही तिच्याबरोबर गेले. इंग्लंडहून दुसरा संच येईपर्यंत काम थांबले. अखेर १८१६ मध्ये कामास आरंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका मुंबईच्या समुद्रात उतरली.

ही नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. ब्रिटनची पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी युद्धनौका होय. (नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून बरीच जुनी, परंतु ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे.) जहाज टिकणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. लाकडी जहाजांच्या युगात बांधली गेलेली बहुसंख्य जहाजे बुडाली, जळाली किंवा मोडीत निघाली. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते आराखडे, चित्रे, लेखी नोंदी आणि प्रतिकृती यांच्या आधारे. यांपैकी प्रतिकृती हा प्रकार केवळ संग्रहालयांपुरता राहिलेला नाही. जगभरातील हजारो हौशी कारागीर घराच्या एका कोपऱ्यात, महिनोन्‌महिने आणि प्रसंगी वर्षानुवर्षे खपून लाकडी जहाजांच्या तपशीलवार प्रतिकृती घडवीत असतात. या छंदाची परंपरा, त्यातील पद्धती आणि त्याची शिस्त यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

परंपरा

नौकेची लहान प्रतिकृती करण्याची प्रथा मानवाच्या नौकानयनाइतकीच जुनी असावी. प्राचीन इजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी नौका सापडल्या असून वल्हेकरी, सुकाणूदार आणि खलाशी त्यांत आपापल्या जागी आहेत. तुतनखामेनच्या थडग्यातही अशा अनेक नौका होत्या. मृतात्म्याच्या परलोकप्रवासासाठी त्या ठेवल्या जात. मध्ययुगीन युरोपात नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये जहाजाची प्रतिकृती टांगण्याची चाल पडली. स्पेनमधील मातारो गावाच्या नावाने ओळखली जाणारी पंधराव्या शतकातील अशी एक प्रतिकृती रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. त्या काळातील जहाजे कशी बांधली जात, हे जाणून घेण्यासाठी अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. नवस बोलणाऱ्याच्या मनात इतिहासलेखनाचा विचार नव्हता, पण त्याच्या श्रद्धेतून इतिहासाला एक साधन मिळाले.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा खरा काळ सतराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होतो. इंग्लंडच्या नौदल मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती सामान्यतः एक फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात केलेल्या असत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, पाण्याखालच्या भागावर फळ्या चढविल्या जात नसत. त्यामुळे आतील फासळ्यांची रांग उघडी दिसे. वरच्या भागावरील सोनेरी नक्षीकाम आणि नाळेवरील शिल्प मात्र पूर्णपणे कोरलेले असे. दैनंदिनीकार म्हणून प्रसिद्ध असलेले नौदल प्रशासक सॅम्युअल पेपिस यांनाही या प्रतिकृतींचे मोठे आकर्षण होते. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालय आणि अमेरिकेतील अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीचे संग्रहालय यांच्याकडे अशा प्रतिकृतींचे मोठे संग्रह आहेत. हौशी कारागिरांच्या दृष्टीने हे संग्रह म्हणजे तीर्थस्थानेच होत.

या परंपरेला एक करुण शाखाही आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात १७९३ ते १८१५ या काळात झालेल्या युद्धांत पकडलेले हजारो कैदी इंग्लंडमध्ये बंदिवासात होते. पीटरबरो शहराजवळील नॉर्मन क्रॉस येथील छावणीत त्यांच्या शिध्यात येणाऱ्या मांसातील हाडे स्वच्छ करून, कापून, घासून त्यांनी जहाजांच्या अतिशय देखण्या प्रतिकृती केल्या. आराखडे हाती नसल्याने त्यांची मापे बहुधा स्मरणावर बेतलेली असत. त्यामुळे डोलकाठ्या प्रमाणाबाहेर उंच आणि तोफा संख्येने अधिक असे दोष त्यांत आढळतात. छावणीच्या बाजारात त्या विकून कैदी चार पैसे मिळवीत. कौशल्य थोर असले तरी माहितीच्या अभावी अचूकता हुकते, हा या प्रतिकृतींचा धडा आजच्या छांदिष्टालाही उपयोगी पडणारा आहे.

विसाव्या शतकात हा छंद सामान्य माणसाच्या घरात आला. डॉ. सी. नेपियन लाँग्रिज यांनी 'व्हिक्टरी'ची प्रतिकृती करताना जमविलेल्या माहितीवर आधारलेला 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ नेल्सन्स शिप्स' हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील अनेक पिढ्यांचा मार्गदर्शक ठरला. अमेरिकेतील ऑगस्ट क्रॅबट्री यांनी आयुष्याची जवळजवळ तीन दशके वेचून १६ नौकांचा एक संच पूर्ण केला. तो व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील सागरी संग्रहालयात आहे. तीन दशकांत १६ नौका हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे या छंदात घाईला किती वाव आहे, ते निराळे सांगावयास नको.

प्रमाणाचा हिशेब

प्रतिकृतीचे पहिले काम लाकडाचे नसून गणिताचे असते. 'त्रिंकोमाली'च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आणि नौकेची रुंदी सुमारे ४० फूट आहे. १:४८ या प्रमाणात ही लांबी ३७ इंचांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. पुढे आलेली काठी आणि उंच डोलकाठ्या धरल्या तर अशा प्रतिकृतीला एक सबंध टेबल लागते. १:९६ या प्रमाणात तीच नौका निम्म्या लांबीत बसते, परंतु तपशील दाखविणे त्या मानाने अवघड होते. मूळ जहाजावरील दहा इंच रुंदीची फळी पहिल्या प्रमाणात सुमारे ५.३ मिलिमीटर आणि दुसऱ्यात सुमारे २.६ मिलिमीटर रुंद होते. साडेपाच फूट उंचीचा खलाशी पहिल्या प्रतिकृतीवर ३५ मिलिमीटर, तर दुसऱ्या प्रतिकृतीवर जेमतेम १७ मिलिमीटर भरेल.

दोरांच्या बाबतीत नवशिक्याची हमखास फसगत होते. जुन्या ब्रिटिश नोंदींत दोराचे माप व्यासाने नव्हे तर परिघाने दिलेले असते. बारा इंची दोर म्हणजे ज्याचा घेर बारा इंच आहे असा दोर. त्याचा व्यास चार इंचांहूनही कमी असतो आणि १:४८ प्रमाणात तो सुमारे दोन मिलिमीटर होतो. परिघालाच व्यास समजून चालल्यास प्रतिकृतीवरील प्रत्येक दोर तिप्पट जाड होतो आणि सुंदर जहाज दोरखंडांच्या ओझ्याखाली दबल्यासारखे दिसू लागते.

बांधणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत भरीव सांगाड्याची. एका ठोकळ्यातून किंवा एकावर एक चिकटविलेल्या आडव्या पाट्यांतून जहाजाचा आकार कोरून काढला जातो. पाट्यांची प्रत्येक चळत आराखड्यातील त्या उंचीवरच्या रेषेप्रमाणे आधीच कापलेली असल्यास कोरण्याचे काम बरेच हलके होते. लहान प्रमाणातील प्रतिकृतींसाठी ही पद्धत आजही सोयीची आहे.

दुसरी पद्धत तयार संचांमध्ये सर्वाधिक आढळते. प्लायवुडचा एक उभा तळकणा आणि त्यात खाचा पाडून बसविलेले जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे पडदे, असा सांगाडा उभा करून त्यावर पातळ फळ्या चढवितात. पुष्कळदा फळ्यांचे दोन थर असतात. आतला थर लाइमसारख्या मऊ लाकडाचा असून तो घासून गुळगुळीत केला जातो. त्यावर अक्रोड किंवा तत्सम लाकडाचा अर्ध्या-एक मिलिमीटर जाडीचा देखणा थर येतो. इटलीतील अमाटी, स्पेनमधील ऑकर आदी कंपन्यांचे संच या प्रकारचे आहेत. लेसर किरणांनी कापलेले भाग मिळू लागल्यापासून या संचांची अचूकता पुष्कळच वाढली आहे.

तिसरी पद्धत म्हणजे या छंदाची परमावधी. मूळ जहाजाप्रमाणे तळकणा, त्यावर अनेक तुकड्यांनी सांधलेल्या फासळ्या, त्यांना जोडणाऱ्या तुळया आणि मग फळ्या असा क्रम यात पाळला जातो. एकेक फासळी पाच-सात तुकड्यांची असू शकते आणि फासळ्यांची संख्या अर्धशतकाच्या पुढे जाते. पूर्ण झालेल्या प्रतिकृतीत यातील बराचसा भाग झाकला जातो. न दिसणाऱ्या भागासाठी इतका खटाटोप का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर असे की, ही पद्धत पत्करणाऱ्याला जहाजाचे बाह्य रूप नव्हे, तर जहाज बांधण्याची क्रिया समजून घ्यावयाची असते. काही जण म्हणूनच एका बाजूच्या फळ्या मुद्दाम चढवीत नाहीत.

लाकडाची निवड

'त्रिंकोमाली' सागवानी असली तरी तिची प्रतिकृती सागवानाची करणे फारसे शहाणपणाचे नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सागाचे रंध्र आणि रेषा मोठ्या असतात. शंभर फूट लांबीच्या जहाजावर त्या दिसत नाहीत, पण दोन फुटांच्या प्रतिकृतीवर त्या दोरखंडाएवढ्या दिसू लागतात. लाकडाचा पोत लहान करता येत नाही. म्हणून मुळातच बारीक आणि एकसारख्या पोताचे लाकूड निवडावे लागते. पाश्चात्त्य कारागीर बॉक्सवुड आणि नासपतीच्या लाकडाला पहिली पसंती देतात. पांढऱ्या फळ्यांसाठी हॉली आणि काळ्या पट्ट्यांसाठी आबनूस वापरण्याची रीत आहे, मात्र आबनुसाची भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

आपल्याकडील लाकडांपैकी हेदू हे पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचे झाड या कामी उत्तम ठरते. बॉक्सवुडला पर्याय म्हणून त्याचा उपयोग पूर्वीपासून होत आला आहे. शिवणीचे लाकूड हलके, कापावयास सोपे आणि आकार धरून राहणारे आहे. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले असावे. ओलसर लाकडाची फळी काही महिन्यांनी आकसते आणि सांधे उघडे पडतात.

फळ्या, खुंट्या आणि तांबे

जहाजाचे अंग मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. सरळ फळ्या त्यावर एकाखाली एक लावीत गेल्यास नाळेजवळ त्यांची दाटी होते आणि पिछाडीला मोकळी जागा उरते. यासाठी प्रत्येक फळी आधी मोजून टोकांकडे निमुळती करावी लागते. त्याकरिता मधल्या पडद्याचा घेर आणि नाळेजवळचा घेर कागदाच्या पट्टीने मोजून दोन्हींचे सारखे भाग पाडतात. त्याहीपूर्वी एक लवचिक पट्टी सर्व पडद्यांवरून फिरवून ती कोठे उचलली जाते वा दबते ते पाहावे आणि पडद्यांच्या कडा तिरप्या घासून घ्याव्यात. या टप्प्यावर वाचविलेला एक तास पुढे दहा तासांचे नुकसान करतो. फळी वाकविण्यासाठी पाणी आणि उष्णता या दोहोंचा उपयोग होतो. परंतु फळी जाडीच्या दिशेने सहज वाकते, रुंदीच्या दिशेने नाही. ती बळेच वाकविली तर तिची कड उचलली जाते. अशा ठिकाणी रुंद पट्टीतून वक्र आकाराची फळी कापून घेणे हाच योग्य मार्ग होय.

मूळ जहाजांत फळ्या फासळ्यांना जोडण्यासाठी लोखंडाबरोबरच लाकडी खुंट्यांचाही वापर होई. दीड इंच जाडीची खुंटी १:४८ प्रमाणात ०.८ मिलिमीटर होते. ती करण्यासाठी बांबूची काडी, सोनाराच्या तार ओढण्याच्या पट्टीसारख्या छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून क्रमाक्रमाने ओढून बारीक करतात. बांबूचे धागे सरळ आणि लांब असल्याने ही काडी तुटत नाही. मजल्यावरील फळ्यांच्या सांध्यांत मूळ जहाजावर धागा आणि डांबर भरलेले असे. प्रतिकृतीत फळीच्या कडेवरून पेन्सिल फिरविली किंवा काळ्या कागदाची पट्टी मध्ये घातली तरी तो परिणाम साधतो.

समुद्रातील किड्यांपासून संरक्षणासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाला सरसकट तांब्याचे पत्रे ठोकले जाऊ लागले. पत्रा साधारणपणे चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे. १:४८ प्रमाणात तो २५.४ मिलिमीटर लांब आणि ७.४ मिलिमीटर रुंद होतो आणि एका नौकेला असे पत्रे हजारांच्या घरात लागतात. तांबे चकचकीत ठेवावे की काळवंडू द्यावे, यावर छांदिष्टांमध्ये मतभेद आहेत. पाण्यात गेलेले जहाज दाखवावयाचे असेल तर काळवंडलेले तांबेच सत्याला धरून होईल.

डोलकाठ्या आणि दोरकाम

लाकडी अंग पूर्ण झाले म्हणजे निम्मे काम झाले, असे अनुभवी मंडळी मानतात. उरलेले निम्मे काम दोरांचे. जहाजावरील दोरांचे दोन वर्ग पडतात. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले आणि म्हणून काळपट असतात. शिडे उघडण्या-मिटण्यासाठी ओढावयाचे चल दोर फिकट, तागाच्या रंगाचे असतात. हा रंगभेद चुकला तर जाणकाराची नजर तेथेच अडते. १६२५ ते १८६० या काळातील इंग्रजी युद्धनौकांच्या दोरकामावर जेम्स लीझ यांनी लिहिलेला ग्रंथ या बाबतीत प्रमाण मानला जातो. डेव्हिड स्टील यांचा १७९४ मधील मूळ ग्रंथही पुनर्मुद्रणांमुळे अभ्यासकांच्या हाती आहे.

खलाशांना वर चढण्यासाठी बांधलेल्या दोरांच्या पायऱ्या हा संयमाचा खरा कस. पायऱ्यांमधील अंतर सुमारे तेरा इंच, म्हणजे १:४८ प्रमाणात सात मिलिमीटर असते आणि प्रत्येक उभ्या दोरावर प्रत्येक पायरीला एक गाठ मारावी लागते. तीन डोलकाठ्यांच्या एका फ्रिगेटवर या गाठींची संख्या हजाराच्या पुढे जाते. गाठ अधिक आवळली तर उभा दोर आत ओढला जाऊन त्याची रेघ वाकडी होते. म्हणून एका बाजूच्या दहा गाठी झाल्या की थांबून दुरून पाहावे, असा सल्ला दिला जातो. अनेक कारागीर लहान यंत्रावर आपले दोर स्वतः वळतात. सुती धाग्याला बारीक तंतू सुटतात, ते बसविण्यासाठी धागा मधमाशीच्या मेणावरून ओढून घेण्याची जुनी रीत आहे.

प्रारंभ कोठून करावा

आवश्यक साधने फारशी महाग नाहीत. धारदार सुरी, छोटी पटाशी, बारीक पात्याची करवत, लहान रंधा, कानशी, हाताने फिरवावयाचा बारीक ड्रिल, दोन-तीन प्रकारचे चिमटे, पोलादी पट्टी, कपड्यांचे चिमटे आणि पॉलिश पेपर एवढ्यावर पहिली प्रतिकृती होऊ शकते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लाकडासाठी पुरेसा आहे. तत्काळ चिकटणाऱ्या गोंदाचा उपयोग जपून करावा, कारण त्याचे डाग लाकडात मुरतात आणि चुकीचा सांधा सुटत नाही. पांढऱ्या गोंदाचा सांधा मात्र स्पिरिटने पुन्हा सोडविता येतो.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे आरंभालाच 'व्हिक्टरी'सारखे शंभर तोफांचे जहाज हाती घेणे. खोक्यावरचे चित्र मोह घालते, पण अर्धवट राहिलेल्या प्रतिकृतींचे कारणही बहुधा तेच असते. एक डोलकाठी असलेल्या लहान नौकेपासून सुरुवात करावी. तिच्यात फळ्या, मजला, डोलकाठी आणि दोर ही सारी अंगे येतात आणि चुका सोसवतील एवढ्याच राहतात. दुसरी गोष्ट, कामाची दैनंदिन नोंद ठेवावी. कोणते माप कोठून घेतले आणि कोठे अंदाज केला, हे दोन वर्षांनी आठवत नाही.

जतन

प्रतिकृतीचे शत्रू पाच : धूळ, ऊन, दमट हवा, कीड आणि शिसे. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगते आणि आकसते. दोरही ताणतात अथवा सैल पडतात. मुंबई-कोकणातील पावसाळ्याचा विचार करता काचेची पेटी अपरिहार्य ठरते. मात्र ती पूर्णपणे हवाबंद नसावी. लाकूड आणि काही गोंद यांतून सूक्ष्म प्रमाणात आम्लाच्या वाफा निघतात. बंद पेटीत त्या साचून शिशाच्या तोफा किंवा नांगर यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि कालांतराने ते भाग विरून जातात. संग्रहालयांतील अनेक जुन्या प्रतिकृतींची या कारणाने हानी झालेली आहे. यावर उपाय म्हणजे शिसे टाळून पितळ वापरणे आणि पेटीच्या तळाशी वारा खेळण्यापुरती छिद्रे ठेवणे.

पुरावा आणि अंदाज

या छंदातील कळीचा प्रश्न कौशल्याचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. 'त्रिंकोमाली'ची प्रतिकृती करणाऱ्याजवळ भक्कम पुरावा आहे. ती ज्या 'लीडा' वर्गातील आहे, त्या वर्गाचे आराखडे उपलब्ध आहेत. हा वर्गच मुळी १७८२ मध्ये पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच फ्रिगेटवर बेतलेला होता. शिवाय प्रत्यक्ष जहाज उभे आहे. स्टॉकहोम येथील 'वासा' १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाली आणि १९६१ मध्ये वर काढण्यात आली. तिच्या संग्रहालयातील १:१० प्रमाणाची भव्य प्रतिकृती प्रत्यक्ष अवशेषांच्या अभ्यासावर उभी आहे.

मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबते यांची गोष्ट निराळी. १७५६ मध्ये विजयदुर्गावरील हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या नौकांचे बांधणी-आराखडे आपल्या हाती नाहीत. पाश्चात्त्य चित्रकारांची चित्रे आणि रॉबर्ट ऑर्म यांच्यासारख्यांची वर्णने यांवरून काही गोष्टी कळतात. गुराब लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत जाणारी, नाळेच्या जागी गॅलीसारखे पुढे आलेले टोक असलेली आणि त्या टोकावरून मारा करणाऱ्या तोफांची असे. परंतु फासळ्यांतील अंतर, मजल्याची रचना, दोरांची मापे हे सर्व अनुमानावर सोडावे लागते. अशी प्रतिकृती करू नये असे नाही. उलट ती अवश्य करावी. मात्र तिच्या पाटीवर कोणता भाग पुराव्याने सिद्ध आणि कोणता कल्पित, हे लिहिलेले असावे. तसे न केल्यास काही वर्षांनी कोणीतरी त्या प्रतिकृतीचेच छायाचित्र पुरावा म्हणून पुढे करतो आणि अंदाजाला इतिहासाचा दर्जा मिळतो.

या संदर्भात फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी (१८०६-१८९३) यांचे ऋण मान्य केले पाहिजे. जगप्रवासात बंदरोबंदरी थांबून त्यांनी युरोपबाहेरील लोकांच्या नौकांची मापे घेतली आणि १८४० च्या दशकात ती आराखड्यांसह प्रसिद्ध केली. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील पटमार ही व्यापारी नौका त्यांत आहे. पुढे ते पॅरिसच्या सागरी संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि आपल्या आराखड्यांवरून त्यांनी तेथे प्रतिकृती करवून घेतल्या. ज्या काळात कोकणातील सुतार हा हिशेब कागदावर न मांडता डोळ्यांत आणि हातांत जपत होता, त्या काळात एका परदेशी माणसाने तो टिपून ठेवला. म्हणून आज पटमाराची विश्वसनीय प्रतिकृती करणे शक्य आहे.

हे काम अद्याप संपलेले नाही. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत आणि आराखड्याशिवाय होडी उभी करणारे हात कमी होत आहेत. खाडीच्या काठावर ओढून ठेवलेला एखादा जुना मचवा हा छांदिष्टासाठी परदेशी संचापेक्षा मोलाचा विषय ठरू शकतो. त्यासाठी मोजपट्टी, ओळंबा, वही आणि मालकाची परवानगी एवढे पुरे आहे. दर दोन फुटांवर रुंदी व खोली मोजून घ्यावी, फासळ्यांची संख्या लिहावी, प्रत्येक भागाला बांधणारा कोणत्या नावाने ओळखतो ते त्याच्याच शब्दांत टिपावे आणि मग घरी येऊन लाकडाला हात घालावा. नौदल मंडळाच्या प्रतिकृती करणाऱ्या कारागिरांची नावे बहुतेक करून विस्मृतीत गेली. त्यांनी मोजून ठेवलेली जहाजे मात्र काचेच्या पेटीत आजही आपल्यासमोर आहेत. मचवा मोडीत निघाल्यावर त्याचा तळकणा किती लांब होता, असे कोणी विचारले तर उत्तर देणारी एखादी प्रतिकृती आणि तिच्याशेजारी एक वही असावी, एवढी अपेक्षा या छंदाकडून करावयास हरकत नाही.